चार मीटरची गल्ली

फटाके कुठे बनवायचे, कसे साठवायचे, कुणी विकायचे, या सगळ्याची देशातली सूत्रं नागपुरातून हलतात. सेमिनरी हिल्सवरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये ‘पेसो’चं मुख्यालय आहे. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची ही केंद्रीय संघटना. शिवकाशीतल्या मोठ्या कारखान्याला परवाना हवा असेल, तर त्याला याच खात्याचं दार ठोठवावं लागतं. त्याच नागपुरात ‘नीरी’ आहे, १९५८ साली सुरू झालेली पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था. गेल्या काही वर्षांत ज्याचा गाजावाजा झाला, तो ‘ग्रीन फटाका’ घडवण्यात ती पुढे होती. आणि नागपूरहून आमचं रामटेक पन्नासेक किलोमीटरवर. म्हणजे फटाक्यांच्या राज्यात आम्ही राजधानीच्या वेशीवरच राहतो म्हणायचं.

या राज्यातला एक नियम मला फार आवडतो. ऑक्टोबर १९९९ मध्ये केंद्र सरकारने फटाक्यांच्या आवाजाला मर्यादा घातली. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलहून जास्त आवाज करणारा फटाका बनवायला, विकायला आणि वापरायला बंदी. नियम चांगला आहे, कागदावर स्वच्छ आहे. पण रामटेकच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत चार मीटर नाहीतच. बैलगाडी जावी एवढ्या बेताने ती कधीकाळी सोडली होती. पुढे दोन्हीकडचे ओटे थोडे थोडे पुढे सरकले, मग त्यांच्यावर मोटरसायकली चढल्या. इथे सुतळी बॉम्ब गल्लीच्या अगदी मधोमध ठेवला, तरी चार मीटरवर उभा राहणारा माणूस कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभा असेल.

फटाक्यांबद्दल आपण बोलतो ते कारखान्यांचं, नाहीतर दिल्लीच्या हवेचं. वर्तमानपत्रांना तेच विषय सापडतात. इजा मात्र होते ती ओटा आणि नाली यांच्या मधल्या जागेत, ओळखीच्या पोराच्या हातून, ओळखीच्याच माणसाला. तिथे पेसो येऊन उभी राहू शकत नाही. तिथे शेजारीच असतात, आणि शेजाऱ्यांच्या तोंडाला सणाच्या दिवशी कुलूप असतं.

हे कुलूप मी दरवर्षी पाहतो. आमच्या समोर एक आजी राहायच्या. मागे सांदवाडीत त्यांची गाय बांधलेली असायची. लक्ष्मीपूजन आटोपून लाह्या-बत्ताशांचा प्रसाद वाटून झाला, की गल्लीतली पोट्टी बाहेर पडत आणि आजी दारात येऊन बसत. “अरे पोट्टेहो, इथं नका फोडू ना रे, गाय भेते, दावं तोडून राहिली ती.” पोरं तेवढ्यापुरती दहा पावलं सरकायची आणि पुन्हा यायची. एखादा बाप म्हणायचा, “आजी, वर्षातून एकदाच येते ना दिवाळी!” त्यावर आजी गप्प. मागे गाय खुंट्याभोवती फिरत राहायची. गल्लीतल्या निम्म्या घरांना आजींचं म्हणणं पटलेलं असायचं. त्या घरांतले मोठेही दारात उभे असायचे, हाताची घडी घालून, तोंडावर ते सणाचं हसू ठेवून. उद्या फराळाचं ताट घेऊन त्याच घरी जायचंय, परवा भाऊबीज, त्याच बापाची बहीण आपल्या बायकोची मैत्रीण. कोण बोलणार? आपल्याकडे भीड ही मोठी चीज आहे. उधारी मागायला ती आड येते, नाली तुंबवणाऱ्याला टोकायला आड येते, आणि पेटत्या वातीसमोर तर माणसाला पुरता मुका करते.

एरवी आगीशी कसं वागावं, हे आमच्या गावाला शिकवायची गरज नाही. दिवाळी सरली की पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते. तेव्हा गडावर टिपूर लागतो. रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात ज्या मंदिरांना नवा जीव दिला, ती राम-लक्ष्मणाची मंदिरं रामगिरीच्या माथ्यावर आहेत. जत्रेला आजूबाजूच्या गावांतून माणूस लोटतो आणि मध्यरात्री वर ज्योत पेटते. गाव खालून बघतं. वर पेटवणारे हात ठरलेले, जागा ठरलेली, वेळ ठरलेली. खाली अख्ख्या तालुक्याने मान वर करायची, एवढंच काम. आग आणि बघणारा यांच्यामध्ये एक अख्खा डोंगर.

जुन्या काळी शोभेच्या दारूचंही असंच होतं. परशुराम कृष्ण गोडे नावाचे थोर अभ्यासक भांडारकर संस्थेत होते. त्यांनी हिंदुस्थानातल्या दारूकामाच्या इतिहासावर एक छोटं पुस्तक लिहिलं, १४०० ते १९०० अशा पाचशे वर्षांचं. एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’तलं लग्नाच्या थाटाचं दारूकाम त्यांनी त्यात नोंदवलं आहे. पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंगही त्यात येतो. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगतात. तिथे राजा गावाबाहेर दारूची लंका उभी करतो. रावण दारूचा, राक्षस दारूचे, वानरं दारूची आणि मारुतीही दारूचाच. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत उडत घरं पेटवत सुटतो. ऐकून पेशव्याला मोह झाला आणि तसाच खेळ पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी करवला गेला. रामाच्या गावात राहणाऱ्याला ही लंका अर्थातच जवळची वाटते. पण मला त्या हकिकतीतलं दुसरंच काही रेंगाळत राहतं. लंका गावाबाहेर होती. पेटवणारे त्या कामातले कारागीर होते. आणि खुद्द पेशवा, ज्याच्या हुकमाने हे सगळं झालं, तो प्रेक्षक होता. कुणी त्याच्या हातात चिमूटभर दारू आणि उदबत्ती दिली नाही.

त्यानंतर दारू स्वस्त झाली, पुड्यांत आली आणि प्रत्येकाच्या हाती गेली. तमिळनाडूतल्या शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर १९२३ साली कलकत्त्याला जाऊन आगपेट्या बनवायला शिकून आले. आगपेट्यांच्या पाठोपाठ त्या कोरड्या, उन्हाच्या मुलखात फटाक्यांचे कारखाने उभे राहिले. आज रामटेकच्या बाजारात मांडलेला बहुतेक माल तिथलाच असतो. त्यामुळे गरिबाच्या पोरालाही फुलझडी मिळाली. हे मी वाईट मानत नाही. राजाने करायचं आणि रयतेने बघायचं, हे काही नमुनेदार राज्य नव्हे. पण त्या व्यवहारात कारागीर गळाला आणि अंतरही गळालं. आतषबाजीचं फक्त पेटवणं तेवढं आपण घरी आणलं.

दुरून बघितलं म्हणजे निभावलं, असंही नाही. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या पुट्टिंगल मंदिरात आतषबाजीची चढाओढ लागली होती. प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती. तरी ती झाली. एक ठिणगी साठवलेल्या दारूवर पडली आणि शंभरावर माणसं गेली. तिथे कारागीर होते, मैदान होतं, परंपरा होती. ‘थांबा’ म्हणणारा कागदही होता. त्या कागदाच्या बाजूने उभा राहणारा माणूसच गर्दीत नव्हता. म्हणून मी फिरून फिरून भिडेवर येतो.

आमच्या गल्लीतही एक दिवाळी अशी आली. सहावी-सातवीतला पोरगा होता. अनार लावला, तो पेटला नाही. सगळीच मुलं करतात तेच त्याने केलं. थोडं थांबला, मग वाकून बघायला गेला. न पेटलेल्या अनारात वात आत धुमसत असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार तरी कोण? आम्हा मोठ्यांनाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं. सुतळी बॉम्बला सगळे भितात, म्हणून त्याच्यापासून लांब पळतात. अनार मात्र घरातला वाटतो, बायका-पोरींचा, रांगोळीशेजारचा. भाजण्याच्या केसेस बघणारे डॉक्टर सांगतात, की साध्यासुध्या अनारानेच फार माणसं भाजतात. फुलझडीलाही आपण फटाक्यांतलं बाळ समजून तीन वर्षांच्या लेकराच्या मुठीत देतो. तिच्या टोकाशी हजार अंशांच्या आसपास उष्णता असते. विझल्यावरही तिची तार लाल असते आणि ती आपण अंगणातच टाकतो, जिथे सगळे अनवाणी.

त्या पोराचा उजवा डोळा आणि गाल. क्षणभर गल्ली थिजली, मग एकदम सगळ्यांना वैद्यकी सुचली. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद, एका घरातून बटाटा किसून आला. एक काकाजी ओरडले, “पाणी आणा बे, पाणी! बाकी काही लावू नका त्याले.” ते शहाणे निघाले. भाजल्या कातडीवर साधं, वाहतं पाणी वीसेक मिनिटं सोडावं, हाच पहिला उपाय आहे. डोळ्याची गोष्ट वेगळी. तो चोळायचा नाही, दाबायचा नाही, त्यात कुठलाही घरचा थेंब टाकायचा नाही. वरून हलकंसं झाकण धरून डोळ्याच्या डॉक्टरकडे पळायचं. पळायचं म्हणजे आमच्यासाठी नागपूर. मनसरला हायवेला लागायचं, मग कन्हान, मग कामठी. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोरगं पडलेलं आणि दोन्ही बाजूंच्या गावांत आकाशात लाल-हिरवी फुलं उमलतायत. नागपूरच्या ज्या दवाखान्यात पोहोचलो, तिथे बाकावर आधीच अशीच दोन मुलं होती. डॉक्टरीणबाईंनी कुणालाच काही विचारलं नाही, कसं झालं म्हणून. त्या रात्री तो प्रश्न विचारायची गरजच नसावी.

डोळा वाचला, नजर पूर्ण नाही आली. त्याच्या बापाने कुणाला दोष दिला नाही. अनार त्यानेच आणला होता, पैसे त्याचेच होते. पुढच्या दिवाळीत गल्लीत फटाके फुटलेच, थोडे कमी. त्याच्या पुढच्या वर्षी नेहमीइतके.

तो निदान अपघात होता. पोरं मुद्दाम जे करतात, त्याची यादी वेगळी. सुतळी बॉम्बवर रिकामा डबा उपडा घालायचा, म्हणजे तो किती उंच उडतो ते बघायचं. डबा दरवेळी उडतच नाही, कधी फाटतो. करवंटीचंही तेच. रॉकेट बाटलीत न ठेवता हातात धरून सोडायचं, नाहीतर बाटली आडवी करून समोरच्या गल्लीवर रोखायची. मोटरसायकलवरून कुणी येत असलं, की लडीला बत्ती द्यायची. मागे राहून हसणाऱ्यांत पंचविशीचे बापेही असतात, हे विसरू नये. ‘पोट्ट्यांचं काय, पोट्टेच ते’ म्हणून सुटता येत नाही.

यात आता एक नवी चीज आली आहे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत, ‘कार्बाइड गन’ नावाच्या नळ्यांनी मुलांच्या डोळ्यांचा घात केला. प्लास्टिकच्या पाइपात कॅल्शियम कार्बाइडचा खडा आणि थोडं पाणी टाकलं, की ॲसिटिलीन वायू तयार होतो. गॅस पेटवायच्या लायटरची ठिणगी दिली की धडाका. दीड-दोनशे रुपयांचा खेळ. नाही पेटला तर मूल काय करणार? नळीत डोकावून बघणार. त्याच अनारापाशी वाकणाऱ्या पोराचा हा धाकटा भाऊ. शंभराहून जास्त जण दवाखान्यांत पोहोचले, काहींची दृष्टी गेली. मध्य प्रदेश आमच्यापासून दूर नाही, मनसरवरून उत्तरेला सरळ गेलं की सिवनी जिल्हा. आणि शेतातली वांदरं, रानडुकरं हाकलायला आवाजाच्या असल्या नळ्या वापरायची कल्पना शेतकऱ्यांना नवी नाही. शेतातून ती गल्लीत यायला वेळ लागत नाही.

शेताचं निघालं म्हणून सांगतो. दिवाळी आमच्याकडे नेमकी धानाच्या कापणीत येते. हलका धान कापून झालेला असतो. बांधीत, खळ्यात पुंजणे रचलेले असतात, जुन्या तणशीचे ढीग घरांच्या पाठीशीच लागलेले असतात. पूर्व विदर्भात ‘धानाचे पुंजणे जळाले’ ही बातमी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पानावर येते. आग कशाने लागली ते बहुतेक वेळा कळत नाही. कुणी वैरावर घालतं, कुणी विजेच्या तारेवर. पण गावाच्या कडेने सुटलेलं एखादं रॉकेट कुठे उतरतं, याचा पाठपुरावा सोडणारा करत नाही. तो तोवर दुसरं लावत असतो. वर्षाचं पीक गंजीत उभं असताना त्यावर ठिणगी पडणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी धान पिकतो त्यालाच विचारावं. विम्याचा कागद, तलाठ्याचा पंचनामा, या सगळ्यातून हाती येतं ते पुंजण्याच्या मोलाचं नसतं.

आणि जनावरं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गायगोधन असतं. ज्या गाईंना आपण गेरूने रंगवतो, शिंगांना मोरपीस बांधतो, ओवाळतो, त्याच गाईंना आदल्या रात्री खुंट्याला बांधून कानाशी बॉम्ब फोडलेला असतो. या विसंगतीवर मला कुणी कीर्तन केलेलं आठवत नाही. गडावरच्या वानरांचं तर विचारूच नका. एरवी पायऱ्यांवर भाविकांच्या हातातला नारळ हिसकावणारे ते काळतोंडे दांडगट लक्ष्मीपूजनाच्या रात्री झाडाच्या शेंड्याला चिकटून बसतात, पिल्लं पोटाशी घेऊन. मारुतीच्या जातीची ही मंडळी आमच्या दारूला भितात. कोट्याच्या राजाच्या मारुतीला लंका जाळायला दारूचा उपयोग झाला, यांना तो होत नाही.

धुराचं काय सांगावं? रामगिरीच्या डोंगररांगा अंबाळा तलावाला घोड्याच्या नालेसारख्या वेढून आहेत. कार्तिकातली थंड हवा त्या खोलगटात बसून राहते आणि धूर तिच्यासोबत. कालिदासाने याच टेकडीवर यक्षाला उभं केलं, असं आम्ही रामटेककर मानतो. ढग कशाकशाचा बनतो ते सांगताना त्याने धूर, प्रकाश, पाणी आणि वारा ही चार द्रव्यं मोजली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंबाळ्यावर जो ढग उतरतो त्यात पहिली दोनच असतात. हा निरोप घेऊन जाणारा नाही, मुक्कामाला आलेला ढग आहे. दम्याच्या माणसाने त्या रात्री खिडक्या लावून बसायचं आणि सकाळी सगळ्यांना हसून ‘शुभ दीपावली’ म्हणायचं.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके बंद केले. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला रात्री आठ ते दहा असे दोनच तास दिले, लडींवर बंदी घातली, बेरियमच्या क्षारांना मनाई केली, आणि नियम मोडला तर त्या हद्दीच्या ठाणेदाराला जबाबदार धरू, असंही सांगितलं. आमच्या बाजारात दहा हजारांची लड मांडलेली दिसते, तेव्हा हा निकाल मला आठवतो. ठाणेदाराला आठवतो की नाही, ते मी विचारलेलं नाही. दुकानांचे नियमही बारीक आहेत. सणापुरती लावलेली फटाक्यांची दुकानं जळणाऱ्या सामानाची नसावीत. एकमेकांपासून तीन मीटरवर असावीत, समोरासमोर नसावीत, एका ठिकाणी पन्नासांहून जास्त नसावीत, आत उघडा दिवा नको आणि पन्नास मीटरच्या आत फटाका उडवणं नको. हे नियम कशासाठी, ते तेव्हाच्या औरंगाबादने २९ ऑक्टोबर २०१६ ला पाहिलं. जिल्हा परिषदेच्या मैदानावर शंभराहून अधिक दुकानांचा बाजार एका सकाळीत जळून गेला, शेजारच्या गाड्यांसह. जीवितहानी झाली नाही, ते नशीब.

मग ग्रीन फटाका? नीरीच्या शास्त्रज्ञांबद्दल मला आदर आहे. राख नको, ॲल्युमिनियम कमी, फुटताना पाण्याची वाफ सोडून धूळ खाली बसवणारी रचना, यामुळे कणांचं प्रदूषण तीसेक टक्क्यांनी कमी होतं, असा त्यांचा दावा आहे. फुफ्फुसासाठी ते बरंच. पण हिरव्या शिक्क्याच्या अनारापाशी वाकलेल्या पोराला त्या तीस टक्क्यांचा काही उपयोग नाही. बोटं जळतात ती तशीच जळतात. शहरात मात्र ‘आम्ही ग्रीनच वाजवतो’ म्हणणाऱ्यांना सगळंच पाप धुतल्यासारखं वाटतं.

खरं तर स्फोट म्हणजे काय, हे नागपूर जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असावं? १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांत सहा बाया होत्या. १३ जून २०२४ ला धामण्याच्या कारखान्यात पुन्हा तेच, पुन्हा तरुण मुली. २४ जानेवारी २०२५ ला शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये उमरेडच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमची भुकटी बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. ही भुकटी काही परकी वस्तू नव्हे, सुतळी बॉम्बचा लखलखाट आणि दणका तिच्यामुळेच असतो. या कारखान्यांत काम करणाऱ्यांना सुती कपडे घालायला लावतात, मोबाइल बाहेर ठेवायला लावतात, धातूवर धातू आपटू देत नाहीत. तरी ते मरतात. आणि आम्ही तीच दारू नायलॉनच्या झगझगीत ड्रेसमधल्या पोरीच्या हातात देऊन व्हिडिओ काढतो.

हे लिहिताना एक प्रश्न येणार, तो मला पाठ आहे. “काकाजी, दिवाळीलाच तुम्हाला हे सुचतं का?” नाही. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री सुचतं. वरातीत घोड्याच्या पायाशी लड सोडतात तेव्हा सुचतं. २९ जून २०२४ ला आपण विश्वचषक जिंकलो त्या रात्रीही सुचलं, आणि निवडणुकीचा निकाल लागला की गुलालासोबत सुचतं. डोळ्यावर उडालेल्या ठिणगीला पंचांग कळत नाही. युरोपातही हेच आहे. नेदरलँड्समध्ये एन्स्खेडे शहराच्या वस्तीतलं फटाक्यांचं गोदाम २००० साली उडालं, तेवीस माणसं गेली. तरी नववर्षाच्या रात्री गल्लीगल्लीत फटाके उडवण्याची तिथली हौस संपली नाही. शेवटी २०२५ मध्ये त्यांच्या संसदेने घरगुती फटाक्यांवर बंदीचा कायदा केला. पंचवीस वर्षं लागली. तिथेही ‘वर्षातून एकच रात्र’ म्हणणारे शेजारी असणारच.

मला बंदी नको आहे. बंदीने आमच्याकडे फक्त माल महाग होतो आणि काळोखात विकला जातो. पोरांना आगीचा आनंद असतो, तो मला कळतो. अनार नीट पेटला, त्याची चांदी मावशी-काकूंच्या तोंडावर पडली, की मीही बघत राहतो. मला हवी आहे ती जागा आणि वेळ. २०१८ च्या निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सुचवली होती, ती फारशी कुणी उचलली नाही. गावाने जागा ठरवून तिथे सगळ्यांनी मिळून फटाके वाजवावेत. रामटेकला नेहरू मैदान आहे. त्यावर चार मीटर सोडाच, चाळीस मीटर निघतील. नगर परिषदेचा पाण्याचा टँकर तिथे उभा राहू शकतो. घरटी दोनशे रुपये काढले, तर एखाद्या जाणत्या माणसाच्या हातून असं काही उडवता येईल, की सवाई माधवरावांनीही मान डोलवावी.

पण हे लक्ष्मीपूजनाच्या रात्री नाही होणार. त्या रात्री सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलेलं असतं, हे वर सांगितलंच. त्यासाठी आधी बोलावं लागेल, आणि आपल्या पंचांगात त्याचीही सोय आहे. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कोजागिरी येते. गच्चीवर दूध आटत असतं, गल्लीतली सगळी घरं एकत्र असतात, कुणाच्या हातात अजून काडेपेटी आलेली नसते, कुणाचं कुणाशी बिनसलेलं नसतं. यंदा दुधाचे पेले हातात आले की विषय काढा. फटाके कुठे फोडायचे, दहाला कोण थांबवणार, न पेटलेल्या अनाराजवळ पोरांना कोण जाऊ देणार नाही, पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूची पाटी कुणाच्या ओट्यावर राहील, रात्री गरज पडली तर नागपूरला कुणाची गाडी निघेल. दूध संपायच्या आत एवढं ठरवून, ज्याने जे कबूल केलं त्याचं नाव गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून द्या.